टर्मिनलमध्ये कॉम्प्रेस केलेल्या फाइली पानापानाने वाचणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरच्या कमांड टाइप कशा करायच्या?

इथे कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. लेस म्हणजे मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम; झेडलेस म्हणजे लेसच्या स्पेलिंगला पुढून झेड जोडलेला, एवढंच. झेडमोअर, झेडकॅट, झेडग्रेप यांचंही तसंच. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे 'मोठा' असं स्पष्ट लिहिलं आहे. तिकडे लक्ष द्या, कारण लेसमध्ये छोटा जी फाइलच्या सुरुवातीला नेतो आणि मोठा जी शेवटाला.

.जीझेड (जीझिप या प्रोग्रामने दाबलेली) फाइल वाचायला सर्वात सोपी कमांड कोणती?

`झेडलेस सिसलॉग.२.जीझेड`

स्पेसबारने पान पुढे, बी ने मागे, तिरकी रेघ (/) देऊन शोध, एन ने पुढचा सापडलेला शब्द, क्यू ने बाहेर. फाइल आधी उलगडून ठेवावी लागत नाही, डिस्कवर नवी फाइल तयार होत नाही, मूळ फाइलला धक्का लागत नाही. ४० एमबीच्या लॉगसाठी आधी गनझिप चालवून ६०० एमबीची फाइल डिस्कवर पसरायची, वाचून झाल्यावर ती परत दाबायची, हा उद्योग अजूनही पुष्कळ जण करतात. त्याची गरज नाही. डिस्क भरली म्हणून लॉग तपासायला आलेला असाल, तर तो धोक्याचाही आहे.

झेडलेस आतून नेमकं काय करतं?

हे नीट कळलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

झेडलेस हा स्वतंत्र प्रोग्राम नाही. जीझिपसोबत येणारी ती एक छोटी शेल स्क्रिप्ट आहे. ती 'लेसओपन' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामना वाचता येणारी सेटिंग, भरते (हे नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत) आणि मग साधं लेसच सुरू करते. त्या व्हेरिएबलचा गाभा असा:

`|जीझिप -सीडीएफक्यू -- %एस`

सुरुवातीची उभी रेघ लेसला सांगते की फाइल थेट उघडू नकोस, आधी ही कमांड चालव आणि तिच्यातून जे बाहेर येईल ते दाखव. %एस च्या जागी फाइलचं नाव बसतं. सी म्हणजे निकाल बाहेर ओत, डी म्हणजे उलगड, क्यू म्हणजे इशारे देऊ नकोस. एफ महत्त्वाचा आहे: फाइल दाबलेली नसेल तर जशी आहे तशी पुढे पाठव. म्हणून झेडलेस साधी मजकूर फाइलसुद्धा बिनतक्रार दाखवतं.

थोडक्यात, लेसच्या तोंडाशी एक नळी लावली आहे. लेसला फाइल दिसत नाही, नळीतून येणारं पाणी दिसतं. टक्केवारी न दिसणं, शेवटाला जायला लागणारा वेळ, वाढणारी मेमरी, एडिटरमध्ये तोच मजकूर न मिळणं ही सगळी त्या नळीचीच लक्षणं.

माझ्या मशिनवर नुसतं लेससुद्धा .जीझेड उघडतं. मग झेडलेस कशाला?

कारण तुमच्या मशिनवर कोणीतरी लेसओपन आधीच भरून ठेवला आहे. उबुंटूत घरच्या फोल्डरमधल्या .बॅशआरसी मध्ये लेसपाइप (लेसओपनसाठीची तयार स्क्रिप्ट) सुरू करणारी ओळ चालू स्थितीत येते. डेबियनमध्ये तीच ओळ पुढे # लावून बंद ठेवलेली असते. फेडोरात हे काम /ईटीसी/प्रोफाइल.डी मधली फाइल करते. जिथे यांपैकी काहीच नाही तिथे लेस विचारतं की ही बायनरी फाइल दिसते, तरी बघायची का? वाय दाबलंत तर पडद्यावर कचरा.

लेसपाइप झेडलेसपेक्षा जास्त हुशार आहे. टारची गाठोडी, झिप, डेब पॅकेज यांची यादीही ते दाखवतं. पण ते दुसऱ्या सर्व्हरवर असेलच याची खात्री नसते. रोज वेगवेगळ्या मशिनवर काम असेल तर बोटांना झेडलेसची सवय लावलेली बरी.

साध्या लेसने फाइल दिसते, पण सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून कमांड चालवणं) लावलं की कचरा. का?

सुडो सुरक्षेसाठी एन्व्हायर्नमेंट पुसून टाकतं. त्यात लेसओपनही जातो, आणि लेस पुन्हा कोरं होतं. उपाय: `सुडो झेडलेस /व्हार/लॉग/ऑथ.लॉग.२.जीझेड`. झेडलेस तो व्हेरिएबल स्वतः आत भरत असल्याने सुडोच्या पुसण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

डेबियन आणि उबुंटूवर बऱ्याचशा लॉग फाइली 'एडीएम' गटाला वाचता येतात. फक्त वाचायचंच असेल तर स्वतःला त्या गटात घालून घ्या, एकदा लॉगआउट करून परत या. दर वेळी रूट होण्याची गरज उरणार नाही.

झेडमोअर आणि झेडलेस यांत फरक काय?

झेडमोअर सगळ्या फाइली एकामागोमाग उलगडतं, प्रत्येकीच्या आधी विसर्गचिन्हांच्या (:) दोन रांगांमध्ये फाइलचं नाव छापतं आणि तो सगळा प्रवाह 'पेजर' (हेही मोठ्या अक्षरांत) व्हेरिएबलमध्ये जो प्रोग्राम असेल त्याला देतं. तो भरलेला नसेल तर मोअरला. लिनक्सवरचं मोअर फाइल असेल तरच मागे जाऊ शकतं. नळीतून आलेल्या मजकुरात बी दाबून उपयोग नाही. म्हणजे झेडमोअर हा एकेरी रस्ता आहे.

झेडलेसमध्ये मागे-पुढे दोन्हीकडे जाता येतं, आणि अनेक फाइली दिल्यास त्या वेगवेगळ्या राहतात: विसर्ग आणि एन दाबून पुढची, विसर्ग आणि पी दाबून मागची. लेस असेल तर झेडमोअर वापरायला कारण नाही.

खाली टक्केवारी दिसत नाही. फाइल किती उरली हे कसं कळणार?

नळीच्या शेवटी किती पाणी आहे हे लेसला माहीत नसतं. मोठा जी दाबून एकदा शेवटापर्यंत जा, मग छोटा जी दाबून परत या. आता सगळं वाचून झालेलं असल्याने टक्केवारी दिसू लागते. डेबियन घराण्यात लेसपाइपचा भाऊ लेसफाइलही मिळतो. तो आधी पूर्ण मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवतो आणि मग दाखवतो. टक्केवारी पहिल्या पानापासून मिळते, पण पहिलं पान उशिरा येतं आणि डिस्कवर जागा लागते.

मोठा जी दाबला आणि मशिन अडकलं. हे का होतं?

जीझिपचा मजकूर मधूनच उलगडता येत नाही. त्यातला डिफ्लेट अल्गोरिदम 'हेच शब्द मागे अमुक अंतरावर येऊन गेले आहेत' अशा खुणा ठेवत जातो, आणि ते अंतर ३२ केबीपर्यंत असू शकतं. मागचं उलगडल्याशिवाय पुढचं वाचता येत नाही. म्हणून शेवटच्या ओळीसाठी पहिल्या बाइटपासून सगळं उलगडावं लागतं.

त्यात भर म्हणजे नळीतून आलेला मजकूर परत मागता येत नाही, म्हणून लेस तो सगळा मेमरीत साठवतं. उलगडून ८ जीबी होणारी फाइल आणि ४ जीबी रॅमचा सर्व्हर असेल तर पुढे काय होणार ते सांगायला नको. अडकल्यावर आधी कंट्रोल-सी दाबा, लेस जिथपर्यंत पोचलं तिथे थांबतं.

फाइल मोठी असेल तर शेवटाला जाऊच नका. शेवटच्या हजार ओळी हव्या असतील तर झेडकॅट वापरा, ते उलगडलेला मजकूर सरळ बाहेर ओततं:

`झेडकॅट मोठी.लॉग.जीझेड | टेल -एन १००० | लेस`

उलगडायला वेळ तेवढाच लागेल, पण मेमरीत हजारच ओळी राहतील. लेसचा मोठा बी पर्याय (`-बी`) मेमरी आपोआप वाढू देत नाही. त्याच्यासोबत छोट्या `-बी` ने किती केबी ठेवायचे ते सांगता येतं. मोबदल्यात फार मागे गेल्यावर मजकूर गायब झालेला दिसेल.

नुसतं उघडणं मात्र कितीही मोठ्या फाइलचं स्वस्त असतं. पहिलं पान भरलं की लेस वाचायचं थांबतं, नळी तुंबते (लिनक्सवर तिची क्षमता साधारण ६४ केबी) आणि जीझिप जागच्या जागी वाट पाहत बसतं. संशयास्पद, उलगडल्यावर शेकडो पट फुगणारी फाइल चाळायलाही हा मार्ग त्यामुळेच बरा.

झेडलेसमधून व्ही दाबल्यावर एडिटरमध्ये तोच मजकूर का मिळत नाही?

लेस इशारा देतं की ही फाइल लेसओपनमधून पाहिली जात आहे. एडिटरला मिळेल ती मूळ दाबलेली फाइल, तुम्ही वाचत असलेला मजकूर नव्हे. बदल करायचाच असेल तर व्हिममध्ये `व्हिम फाइल.जीझेड` असं थेट उघडा. त्याच्यासोबत येणारं जीझिप प्लगइन फाइल उलगडतं आणि सेव्ह करताना परत दाबतं. फक्त बघायचं असेल तर मोठा आर पर्याय लावा. पण जुन्या लॉगमध्ये हाताने बदल करू नये, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये.

फिरवलेले सगळे लॉग सलग, जुन्यापासून नव्यापर्यंत कसे वाचायचे?

लॉगरोटेट (ठरावीक काळाने लॉगची नवी फाइल सुरू करून जुन्या मागे सारणारा प्रोग्राम) साधारण अशी रांग ठेवतं: सिसलॉग, सिसलॉग.१, सिसलॉग.२.जीझेड, सिसलॉग.३.जीझेड. 'डिलेकॉम्प्रेस' लावलेलं असलं की .१ दाबलेली नसते, पुढच्या फेरीत दाबली जाते. आकडा जितका मोठा तितकी फाइल जुनी.

इथे दोन खड्डे आहेत. एक, शेलचा तारा (*) अक्षरक्रमाने लावतो, त्यामुळे .१०.जीझेड ही .२.जीझेड च्या आधी येते. दोन, काही फाइली दाबलेल्या आणि काही साध्या असल्याने नुसतं झेडकॅट साध्या फाइलीपाशी 'नॉट इन जीझिप फॉरमॅट' म्हणून कुरकुर करतं. दोन्हींचा इलाज एकाच ओळीत:

`झेडकॅट -एफ $(एलएस -आरव्ही /व्हार/लॉग/सिसलॉग*) | लेस`

एलएसचा व्ही आकडे आकड्यांप्रमाणे लावतो, आर क्रम उलटा करतो, झेडकॅटचा एफ साध्या फाइली तशाच सोडतो. नावात आकड्याऐवजी तारीख असेल (मेसेजेस-२०२४०६०२.जीझेड अशी) तर आर काढा आणि क्रम तपासून घ्या, कारण चालू फाइलला तारीख नसते आणि ती पहिली येते.

शोध घेऊन थेट त्या जागी उघडता येईल का?

येईल. `झेडलेस +/एरर फाइल.जीझेड` पहिल्या सापडलेल्या ओळीवर उघडतं. आधी झेडग्रेपला (दाबलेल्या फाइलीत शब्द शोधणारी कमांड) `-एन` देऊन ओळीचा क्रमांक काढला असेल तर `झेडलेस +४५२० फाइल.जीझेड`. आत असताना & टाइप करून शब्द दिलात तर फक्त त्या शब्दाच्या ओळी उरतात. नुसतं & आणि एंटर दिलं की सगळ्या परत. लॉग वाचणाऱ्यांनी ही एक कळ शिकली तरी दिवस वाचतो.

झेडग्रेपला `-आर` चालत नाही, पर्याय मान्य नाही असं ते तोंडावर सांगतं. पूर्ण फोल्डर धुंडाळायचं असेल तर फाइंडला `-एक्झेक झेडग्रेप` जोडा आणि मोठा एच द्या, म्हणजे फाइलचं नावही छापलं जाईल. जीझिप १.१२ (२०२२) च्या आधीच्या झेडग्रेपमध्ये मुद्दाम रचलेल्या फाइलनावांमुळे होणारी एक सुरक्षा-चूक होती. अनोळखी फाइलींवर चालवत असाल तर आवृत्ती पाहून घ्या.

.बीझेड२, .एक्सझेड, .झेडएसटी या फाइलींना झेडलेस चालतं का?

जीझिप ते उलगडू शकत नाही, आणि त्या एफ पर्यायामुळे दाबलेले बाइट तसेच पुढे ढकलले जातात. पडद्यावर कचरा येतो, चूक मात्र सांगितली जात नाही. प्रत्येकाचं आपलं भांडं आहे: बीझेडलेस, एक्सझेडलेस, झेडएसटीडीलेस. जुन्या कॉम्प्रेसच्या .झेड (मोठा झेड) फाइली मात्र जीझिपला उलगडता येतात, म्हणून त्या झेडलेसमध्येही दिसतात.

नाव फसवत असेल तर `फाइल` नावाचीच कमांड चालवा. ती नाव पाहत नाही, पहिले बाइट पाहते. बीझिप२ ची फाइल तर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येते, ती बीझेडएच (बी आणि झेड मोठे, एच छोटा) या तीन अक्षरांनी सुरू होते.

मॅकवर झेडकॅट फाइल सापडत नाही म्हणतं, आणि नावापुढे .झेड जोडतं!

मॅकओएसवरचं झेडकॅट जुन्या .झेड (मोठा झेड) फाइलींच्या रिवाजाने वागतं. तिथे जीझेडकॅट वापरा, किंवा फाइल नावाने न देता आत ओता: `झेडकॅट < फाइल.जीझेड | लेस`. दुसरा प्रकार लिनक्सवरही तसाच चालतो, म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तोच लिहा.

बिझीबॉक्सवर (राउटर, छोटे कंटेनर) झेडलेस नाही.

`झेडकॅट फाइल.जीझेड | लेस`. नळी हातानेच जोडायची.

.टार.जीझेड उघडल्यावर मजकुरात मध्येच आकडे आणि विचित्र चिन्हं का येतात?

झेडलेसने फक्त जीझिपचं आवरण काढलं, आतलं टारचं गाठोडं तसंच आहे. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटची चिठ्ठी असते: नाव, परवानग्या, मालक, आकार, वेळ. तीच तुम्हाला दिसते. आधी `टार -टीझेडएफ गाठोडं.टार.जीझेड | लेस` ने यादी पाहा, मग हवी ती एकच फाइल `टार -एक्सझेडओएफ गाठोडं.टार.जीझेड आतला/पत्ता | लेस` अशी वाचा. यातला ओ मोठा: फाइल डिस्कवर न काढता बाहेर ओतायला तो सांगतो. झिपसाठी तेच काम `अनझिप -पी फाइल.झिप आतलं-नाव | लेस` करतं.

फाइल मध्येच संपते. तुटली आहे का?

झेडलेसवरून ठरवू नका. जीझिपची तपासणी-बेरीज आणि मूळ आकार हे शेवटच्या ८ बाइटमध्ये असतात, म्हणजे बिघाड कळेपर्यंत तुम्ही मजकूर वाचून मोकळे झालेले असता. `जीझिप -टी फाइल.जीझेड` चालवा. काहीच छापलं नाही तर फाइल ठीक. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' म्हणजे फाइल अर्धवट आहे: डाउनलोड तुटलं, डिस्क भरली, किंवा ती अजून लिहिली जात आहे. इथपर्यंतचा मजकूर झेडकॅटने मिळतो, तो खराही असतो. 'सीआरसी एरर' असेल तर मात्र आतले बाइटच बदलले आहेत. त्या मजकुरावर विसंबू नका, मूळ प्रत पुन्हा आणा.

झेडलेसने फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत वेबपानाचे टॅग दिसले, तर ती .जीझेड नाहीच. सर्व्हरने दिलेलं 'सापडलं नाही' चं पान त्या नावाने सेव्ह झालं आहे, आणि झेडलेसने ते निमूटपणे दाखवलं. उलट, नीट उतरलेल्या फाइलमध्ये कचराच दिसत असेल तर ती दोनदा दाबलेली असू शकते: `झेडकॅट फाइल.जीझेड | झेडकॅट | लेस`.

जीझिप -एल ने दाखवलेला आकार दाबलेल्या फाइलपेक्षाही कमी आहे!

मूळ आकार ४ बाइटमध्ये साठवलेला असतो. ४ जीबी ओलांडली की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. जीझिप १.१२ पासून `-एल` पूर्ण फाइल उलगडून बाइट मोजतं. आकडा खरा मिळतो, वेळ जास्त लागतो.

मराठी मजकुराऐवजी कोनी कंसात आकडे-अक्षरं दिसतात.

लेसला वाटतंय की मजकूर यूटीएफ-८ नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि लेस ते तीन वेगळे, न छापता येणारे बाइट म्हणून दाखवतं. भाषा न ठरवलेल्या डॉकर कंटेनरमध्ये हे हमखास होतं. कमांडच्या आधीच लिहा: `लेसकारसेट=यूटीएफ-८ झेडलेस फाइल.जीझेड` (बरोबरीच्या चिन्हाआधीचं नाव मोठ्या अक्षरांत). अक्षरं दिसतात पण वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं तुटलेली असतील तर तो टर्मिनलचा दोष आहे. लेस आणि जीझिप दोघंही निर्दोष.

सरावासाठी मराठी विकिपीडियाचा डंप (उतरवून घेता येणारी प्रत) उत्तम. लेखांच्या नावांची फाइल .जीझेड मध्ये मिळते, एका ओळीत एक नाव, शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ. पूर्ण लेखांची फाइल .बीझेड२ मध्ये, तिला बीझेडलेस. त्यात शोधताना एक खास मराठी अडचण येते: 'दुसऱ्या' मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. एक शोधलात तर दुसरा सापडणार नाही. `/दुस.*या` असं सैल शोधा.

ओळी फार लांब आहेत, पडद्यावर गुंडाळल्या जातात.

`झेडलेस -एस फाइल.जीझेड`, यातला एस मोठा. ओळी कापल्या जातात, उजव्या बाणाने सरकायचं. आत असतानाही उणे चिन्ह आणि मोठा एस दाबून चालू-बंद करता येतं. जनुकक्रमाच्या फास्टक्यू फाइली, जिथे एका नोंदीच्या चार ओळी ठरलेल्या, याशिवाय वाचताच येत नाहीत. पूर्ण जेसन एकाच ओळीत असेल तर मात्र लेस रखडतं. त्याला आधी जेक्यूमधून (जेसन ओळी पाडून मांडणारा प्रोग्राम) काढा: `झेडकॅट डेटा.जेसन.जीझेड | जेक्यू . | लेस`.

चुकून कॅटने .जीझेड उघडली आणि टर्मिनलच बिघडलं. टाइप केलेलं दिसत नाही.

न दिसलं तरी `रिसेट` टाइप करा आणि एंटर दाबा.